सहा बाटल्या आणि उजवा गाल

*काकू, माझं वय २९. माहेर निपाणीचं, सासर खानापूर तालुक्यात. बेळगावात एका शाळेत शिकवते, रोज बसनं ये-जा करते, खिडकीची जागा धरून. मुलगा दोन वर्षांचा आहे. बाळंतपणापासून दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग आलेत, उजव्या गालावर जास्त. हनुवटीवर पुळ्या येतात त्या वेगळ्या. पुण्याच्या नणंदेनं सहा बाटल्या आणून दिल्या: नायासिनमाइड १० टक्के, व्हिटॅमिन सी २० टक्के, ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर, सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के, रेटिनॉल आणि हायल्युरोनिक ॲसिड. मी सकाळी तीन आणि रात्री तीन लावल्या. तिसऱ्या आठवड्यात चेहरा भाजल्यासारखा झाला, आता नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरतं. व्हिटॅमिन सीची बाटली तर तपकिरी पडलीय. सासूबाई म्हणतात, ते सगळं फेक आणि बेसन-हळद-लिंबू लाव. जाऊबाई पार्लरमधून मिळालेली ट्यूब सहा महिने लावतात. त्यांचा चेहरा आठ दिवसांत उजळला होता. त्या म्हणतात, तूही लाव. दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय. या बाटल्यांत असतं तरी काय? काय ठेवू, काय टाकू?*
*– खानापूरहून एक शिक्षिका*

अगं, सहाच्या सहा? सकाळी तीन, रात्री तीन, जेवणानंतरच्या गोळ्यांसारख्या? पत्र वाचताना मी बोटं मोजली. बाटल्या सहा भरल्या, पण त्यांत सनस्क्रीन एकही नाही. वरातीला सगळे आले, नवरदेव तेवढा घरी राहिला, अशातली गत.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं उभी राहिलेली फार्मासिस्ट आहे. मला ट्यूबा कळतात, चेहऱ्याचं निदान डॉक्टरांनी करायचं. तरी बाळंतपणानंतर आलेले, दोन्ही गालांवर सारखे पसरलेले आणि ओठावर मिशीसारखे दिसणारे तपकिरी डाग म्हणजे बहुतेक वेळा वांग. तुझ्या शाळेतल्या कन्नड बाई त्याला बंगु म्हणत असतील. एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घे. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालयातही त्यासाठी विभाग आहे, खिसा रिकामा करायची गरज नाही.

आता आधी आग विझवू.

कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समज. तू खानापूरकडची, विटांच्या भट्ट्या तुला मी काय सांगाव्यात. चपट्या, मेलेल्या पेशी या विटा, आणि दोन विटांच्या मधे गवंडी भरतो तसा स्निग्ध माल. त्या मालातला निम्मा सेरामाइड असतो, उरलेला बहुतेक कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. कोलेस्टेरॉल म्हटलं की लोक दचकतात, पण इथं ते भिंत धरून ठेवतं. ही सगळी भिंत तुझ्या शाळेतल्या वहीच्या कागदाहून पातळ असते. तू ग्लायकोलिकनं तिचा माल खरवडलास, सॅलिसिलिकनं परत खरवडलास, रेटिनॉलनं खालच्या विटा घाईनं वर ढकलल्यास आणि वरून जहाल आंबट व्हिटॅमिन सी ओतलंस. भिंतीला भेगा पडल्या. पाणी चुरचुरतंय ते त्या भेगांतून, पाण्याचा काही दोष नाही.

तेव्हा चार आठवडे सहाही बाटल्या कपाटात. अंगाचा साबण चेहऱ्याला बंद. आपल्या कातडीचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं आंबट) पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. अंगाचा नेहमीचा साबण नऊ-दहाचा. भेगा पडलेल्या भिंतीवर रोज सोडा टाकल्यासारखं होतं. फेस कमी येणारा सौम्य फेसवॉश घे, तोही दिवसातून दोनदा, पुरे. तोंड टिपून जरा ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लाव. घेताना पुढची बाजू वाचू नकोस, मागची वाच. मागं ग्लिसरीन आणि सेरामाइड ही नावं दिसली, आणि ‘सुगंध’ यादीत नसला, तर झालं काम. घटकांची यादी जास्त ते कमी अशी लिहिलेली असते. त्यामुळं जे नाव पुढच्या बाजूला ठळक छापलंय ते मागं अगदी शेवटी, रंग आणि वासाच्या शेजारी सापडलं, तर ते फक्त नावालाच टाकलंय असं धरून चाल. (एक टक्क्याहून कमी असलेल्या गोष्टी हव्या त्या क्रमानं लिहायची मुभा असते. तिथंच सगळी गंमत चालते.)

आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर नि कुठली खाली, यावरून केवढं रान उठतं. ट्यूबच्या मागं मात्र मराठीही नसतं आणि कन्नडही नसतं. तिथं खानापूरचा मराठी माणूस आणि बैलहोंगलचा कन्नड माणूस सारखाच अडाणी. म्हणून तुझ्या बाटल्यांचं मराठी मी करून देते.

हायल्युरोनिक आणि ग्लिसरीन एकाच घरच्या दोघी. दोघींचं काम पाणी ओढून धरणं. हायल्युरोनिकचं नाव भारी म्हणून भाव भारी. ग्लिसरीन आजीच्या काळापासून आहे आणि काम तेवढंच चोख करतं. पण दोन्हींना वर झाकण लागतं. डिसेंबरात आपल्याकडं कोरडा वारा सुटला की कोरड्या गालावर नुसतं हायल्युरोनिक लावून बसलीस तर ते कातडीतलंच पाणी ओढतं, नि ते वाऱ्यावर उडून जातं. ओल्या तोंडावर लाव, वर क्रीम लाव. ती बाटली ठेव, संपव, परत घेऊ नकोस. झाकण म्हणून सगळ्यात घट्ट चीज पेट्रोलियम जेली. १८७२ साली अमेरिकेत तिचं पेटंट निघालं, आणि अजून तिच्या तोडीचं झाकण फारसं कुणाला जमलेलं नाही. ती स्वतः काही देत नाही, आतलं बाहेर जाऊ देत नाही. फुटलेल्या ओठांना, टाचांना, आणि आता आग होतेय तोवर रात्री गालांवर अगदी पातळ पुसल्यासारखी लावायला हरकत नाही. हनुवटी सोड.

व्हिटॅमिन सी तपकिरी पडलं म्हणतेस ना? टाकून दे, वाईट वाटून घेऊ नकोस. नवं असताना ते पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की कापलेल्या सफरचंदासारखं ते तांबूस होतं आणि कामातून जातं. चांगलं असतं तेव्हा उन्हानं कातडीत होणारी नासाडी थोपवतं, रंगही थोडा कमी बनू देतं. पण ते टिकायला नि आत शिरायला द्रावण चांगलंच आंबट असावं लागतं, सामू साडेतीनच्या खाली. भाजलेल्या चेहऱ्यावर २० टक्के म्हणजे जखमेवर कैरीच. पुढं कधी हौस आली तर १० टक्क्यांचं, लहान बाटलीतलं घे आणि खिडकीत ठेवू नकोस.

ग्लायकोलिक ॲसिड उसात असतं. लगेच चिकोडी-अथणीकडच्या गुऱ्हाळावरून रस आणून तोंडाला लावू नकोस. बाटलीतलं बहुतेक कारखान्यात बनवलेलं असतं आणि त्याचं प्रमाण मोजूनमापून ठेवलेलं असतं. त्याच्या जातीची आम्लं कातडीवरच्या विटांमधली पकड सैल करतात, वरचा निर्जीव थर सुटतो, चेहरा एका रात्रीत गुळगुळीत वाटतो. त्या गुळगुळीतपणाचीच चटक लागते, माणूस रोज लावायला लागतो. शिवाय त्यानं कातडी उन्हाला आणखी नाजूक होते. वांगावर म्हणजे एका हातानं पुसायचं नि दुसऱ्या हातानं रंगवायचं. तुझ्या चेहऱ्याला ते नको. कोपरं आणि टाचा काळ्या, खरखरीत झाल्या असतील तर तिथं वापर. बाटली वाया जाणार नाही.

सॅलिसिलिकचं वेगळं. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलानं बुजलेल्या छिद्रात उतरतं आणि आतला मळ सैल करतं. पुळीवर त्याचा उपयोग होतो तो यामुळं. अर्धा ते दोन टक्के एवढंच पुरे. चार आठवड्यांनी कातडी शांत झाली की फक्त हनुवटीवर, आठवड्यातून दोन रात्री. गालांना लावायचं काही कारण नाही, गालांवर पुळ्या आहेत असं तू लिहिलेलं नाहीस. दिवस गेले की तेही डॉक्टरांना विचारूनच.

रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. कातडीत गेल्यावर दोन पायऱ्या चढून त्याचं रेटिनॉइक ॲसिड होतं, आणि पेशींना तीच भाषा कळते. सुरकुत्या, पुळ्या, डाग, सगळ्यावर त्याचा पुरावा चांगला आहे. त्याचं कौतुक खोटं नाही. पण तुझ्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय. बाळाचा विचार असताना, गरोदरपणात हे लावायचं नाही. ती बाटली नणंदेला परत दे, तिच्याकडंही नवा पाहुणा येणार नसेल तर.

आणि आता नायासिनमाइड. यावर जरा थांबते, कारण सहांतली तुझ्या खऱ्या कामाची ही एकच.

हे म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. अन्नात ते फारच कमी पडलं की पेलाग्रा नावाचा रोग होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हातांवर काळे खरखरीत चट्टे उठतात. दख्खनच्या पट्ट्यात निव्वळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गोरगरिबांत तो एकेकाळी दिसायचा. शेंगदाण्यात बी-३ भरपूर असतं, भाकरीबरोबरची शेंगाचटणी उगाच नाही. तर तेच जीवनसत्त्व बाहेरून लावलं की काय करतं, ते ऐक.

कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी खोलवर बसलेल्या असतात. एकेक पेशी रंगाच्या बारीक पुड्या बांधते आणि आजूबाजूच्या छत्तीसेक पेशींना पोचवते. म्हणजे एका गवळ्याचा छत्तीस घरी रतीब. वांगात होतं काय, तर म्हशी पिसाळल्यासारखं दूध द्यायला लागतात आणि गवळी घरोघरी दोन लिटरच्या जागी चार लिटर ओतून जातो. नायासिनमाइड म्हशीला हात लावत नाही. ते गवळ्याच्या सायकलची हवा काढतं. रंग बनतो, पण पोचतो कमी. व्हिटॅमिन सी, कोजिक ॲसिड, ॲझेलाइक ॲसिड ही मंडळी गोठ्यातच शिरतात, रंग बनवणाऱ्या यंत्रणेला आवर घालतात. आणि ऊन? ऊन म्हणजे म्हशीला घातलेली सरकी पेंड. पेंड चालूच ठेवलीस तर सायकल पंक्चर करून किती दिवस भागणार!

शिवाय नायासिनमाइड भिंतीतला सेरामाइडचा माल वाढवायला मदत करतं, म्हणून नाजूक कातडीलाही सहसा सोसतं. पण दहा टक्के कशाला? दोन ते पाच टक्क्यांत काम होतं. दहावर काहींचे गाल लाल होतात. आकडा मोठा म्हणजे गुण मोठा, हे खताच्या पोत्याचं गणित चेहऱ्याला लागू नाही. चार आठवडे संपले की तुझ्या त्याच बाटलीतले दोन थेंब मॉइश्चरायझरमध्ये मिसळ नि रात्री लाव. आधी तीन दिवस कानामागं लावून बघ. चुरचुरलं नाही तरच तोंडाला. एक घटक सुरू केला की दोन आठवडे दुसरा नाही. नाहीतर कुणामुळं आग झाली ते तुला आत्तासारखंच कळणार नाही.

फरक कधी दिसेल? तुझ्या वयात खालची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या आत कुठल्याही बाटलीला पास-नापास करू नकोस. घटक चाचणीचा निकाल पंधरा दिवसांत लावता तुम्ही, इथं मात्र सहामाहीपर्यंत थांबायचं.

आता त्या उजव्या गालाकडं येते.

दोन्ही गालांवर वांग, पण उजवीकडं जास्त, आणि तू रोज बसनं खिडकीत. मी कागदावर चित्र काढून पाहिलं. खानापूरहून बेळगाव जवळजवळ सरळ उत्तरेला. सकाळी उत्तरेकडं तोंड करून निघालीस की पूर्वेचं ऊन उजव्या हाताला. संध्याकाळी दक्षिणेकडं परतताना पश्चिमेचं ऊन, तेही उजव्याच हाताला! ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरत असशील तर दोन्ही वेळा एकाच गालाला ऊन खायला घालतेस. आणि काच ओढून घेतलीस तरी फारसा फायदा नाही. चटका देणारे किरण काच बऱ्यापैकी अडवते, पण रंग गडद करणारे आत येतातच. उद्यापासून डाव्या बाजूला बस. याला पैसा लागत नाही.

सनस्क्रीन मात्र विकत घ्यायचंच. त्यावरचा एसपीएफचा नंबर ३० असला तर जाळणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असला तर ९८. म्हणजे ३० पुरे, १०० च्या मागं धावू नकोस. त्या नंबराशेजारी ‘पीए’ आणि अधिकची चिन्हं असतात. ती काचेतून येणाऱ्या किरणांबद्दल सांगतात, तीन-चार अधिक बघून घे. आणि वांगासाठी खास गोष्ट अशी, की डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा वांग गडद करतो. त्याला साधं सनस्क्रीन अडवत नाही, आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन अडवतं. त्यामुळं झिंक ऑक्साइडनं राख फासल्यासारखं दिसतं तेही टळतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढ, चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. आपण सगळ्याजणी त्याच्या पाव हिश्श्यावर काम भागवतो आणि मग सनस्क्रीनला नावं ठेवतो. दुपारी मैदानावर मुलांना सोडायच्या आधी परत एकदा लाव. जून-जुलैत खानापुरात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही हे मला माहीत आहे. ढगांतूनही किरण येतात, पावसाळ्यात सुट्टी नाही. पदर, छत्री, गाडीवर बांधायचा स्कार्फ, सगळं सनस्क्रीनच्या जोडीला. भाकरी करताना तव्यावर तोंड वाकवू नकोस, उष्णतेनंही वांग चाळवतो.

सासूबाईंचं निम्मं ऐक. बाटल्या बंद करायला त्या सांगतात, ते त्यांचं बरोबर निघालं, हे त्यांना आवर्जून सांग. घरात त्याचा उपयोग होतो. बेसन दुधात कालवून हलक्या हातानं लावून धुतलं तर बिघडत नाही, पण आत्ता नको, आत्ता काहीच घासायचं नाही. हळदीत दाह कमी करणारे गुण आहेत, मात्र स्वयंपाकाच्या हळदीनं वांग गेलेला मी तरी एकही चेहरा पाहिलेला नाही. लिंबू मात्र साफ नाही. त्याचा सामू दोनाच्या आसपास, म्हणजे तुझ्या व्हिटॅमिन सीहून जहाल, आणि लिंबाचा अंश राहिलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येऊन नवेच काळे डाग पडू शकतात. लिंबू आमटीत पिळावं.

राहिली जाऊबाईंची ट्यूब. सगळं पत्र वाचून मला काळजी वाटली ती तुझी नाही, त्यांची.

काउंटरवर आठवड्यातून चार जणी यायच्या. कुणी म्हणायची, गोरं व्हायचं क्रीम द्या. कुणी म्हणायची, बेळ्ळग आगू क्रीम कोड्री. भाषा दोन, मागणी तीच. आणि सुरुवातीची काही वर्षं मीही शेल्फवरून ती ट्यूब काढून दिली आहे, डॉक्टरांची चिठ्ठी न मागता. सगळेच देत होते, हे काही उत्तर नाही. वडगावच्या एका विणकराच्या घरातली मुलगी दर महिन्याला यायची. दीड वर्ष आली. मग एका एप्रिलात भर दुपारी आली नि ओढणी बाजूला केली. गाल तांबडेलाल, वर बारीक लव उगवलेली, आणि कातडीखाली लाल शिरा अशा दिसत होत्या की ताण्यावर रेशमाचे धागे पसरावेत. म्हणाली, “अक्का, बंद केलं की भगभगूलालंय, लावलं की गार वाटूलालंय. आणि एक ट्यूब द्या.” मी दिली नाही. पण आधीच्या अठरा मीच दिल्या होत्या.

त्या ट्यूबांत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड हे विष नव्हे, उत्तम औषध आहे. इसबाला, ॲलर्जीला डॉक्टर देतात तेव्हा आराम पडतो. वांगावरसुद्धा हायड्रोक्विनोन (रंग कमी बनू देणारं), ट्रेटिनॉइन (रेटिनॉलच्याच घरचं) आणि स्टेरॉइड असं तिघांचं मिश्रण डॉक्टर देतात, पण काही आठवडे, तारीख घालून, मधे बोलावून बघत. तीच ट्यूब पार्लरमधून तोंडाला रोजची क्रीम म्हणून सुरू झाली की घोटाळा. आठ दिवसांत उजळतं हे खरं, कारण स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, लाली दबवतं, रंगही कमी बनू देतं. महिन्यांनी कातडी पातळ होते, पुळ्या उठतात, लव वाढते, आणि सोडायला गेलं की चेहरा पेटतो. पेटला की बाई परत लावते. ही सवय दारूसारखी सुटते, म्हणजे कष्टानं. हे प्रकार इतके वाढले की २०१८ साली केंद्र सरकारनं चेहऱ्याला-अंगाला लावायची अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं बजावलं. ट्यूबवर ते छापलेलंही असतं. वाचतं कोण!

ओळखायचं कसं? मागचं नाव मोठ्यानं वाच. शेवट ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असा झाला की सावध. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. शेवटच्याच्या नावात लोन आहे, तेही चढ्या व्याजाचं.

आणि ट्यूब नसून नाव-गाव नसलेली डबी असेल, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, तर त्याहून वाईट. अशा गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचं तिथल्या डॉक्टरांना आढळलं. कायद्यानं किलोमागं एक मिलिग्रॅमच्या वर पारा असायला परवानगी नाही, तोही चुकून आलेला. पाऱ्याला वास नाही, चव नाही, आणि तो लावणाऱ्याच्या हातातून घरातल्या लेकरापर्यंत जातो. तुझा दोन वर्षांचा मुलगा काकूच्या गालाला गाल लावत असेल ना?

डॉक्टरांकडं जाशील तेव्हा तुझ्यासाठी ॲझेलाइक ॲसिडबद्दल विचार. ते धान्यात आढळणारं एक साधं आम्ल, पुळी आणि डाग दोन्हींवर हळूहळू चालतं, आणि गरोदरपणातही डॉक्टर ते देतात. तुझ्या दोन तक्रारी आणि एक बेत, तिन्हींत बसणारं. वांगासाठी ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्यांचं नाव कुणी तुला सांगितलंच तर ध्यानात ठेव, ते मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध आहे. स्वतःहून घ्यायचं नाही, आणि बाळाचा विचार चाललाय हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.

जाऊबाईंना मात्र हा माझा कागद वाचून दाखवू नकोस. ‘तुमची ट्यूब फेका’ असंही म्हणू नकोस. सहा महिने लावलेली एका दिवसात बंद केली तर दोन-तीन दिवसांत आग होईल, नि खापर तुझ्यावर फुटेल. ती हळूहळू कशी उतरवायची, मधे आगीवर काय लावायचं, हे डॉक्टरच ठरवतात. तू एवढंच म्हण, ‘माझ्या तोंडाची आग होतेय, दवाखान्यात एकटीला जायला नको वाटतं, येता का सोबत?’ त्या येतील. निघताना ट्यूब पर्समध्ये टाकायला सांग, ‘डॉक्टरांना विचारू, मलाही चालते का’ म्हणून. शनिवारी शाळा अर्धी सुटते ना? मग एकची बस धरा दोघी. आणि डाव्या बाजूच्या खिडकीत त्यांना बसव.